मागे केसभर

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस,
चहाच्या टपरीमागचा गाळा.
शटरला छातीच्या उंचीवर एक पोचा आहे.
तो मार्चमधला.
सागाची दोन इंची पट्टी पात्यात चिमटली
आणि उलटी सुटली
रामसुरतच्या कानाजवळून.
तो म्हणाला, काही नाही मॅडम.
मग खाली बसला
आणि बराच वेळ उठला नाही.

मोजल्यावर कळलं, दोष गाईडचा.
पुढे चार इंच,
मागे चार इंचाला एक सूत कमी.
पण हीच गाईड एकोणीस वर्षं चालली
दत्ताराम मेस्त्रींच्या हाताखाली,
आणि त्यांनी चिरलेल्या फळ्या
काचेवर ठेवल्या तरी डुलत नसत.

सावर्ड्याला फोन लावला.
पलीकडे आधी कोंबड्या, मग ते.
"खटका आवळला की ती मागून पात्याकडे सरकते.
मग शेपटाला तळव्याची एक थाप द्यायची.
मशीन बंद असताना."
हे कधी सांगितलं नाहीत?
"त्यात काय सांगायचं?"

म्हणजे सरळपणा लोखंडात नव्हताच.
तो एसटीने गावाला गेला होता,
एक ट्रंक, एक रंधा
आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन.

खिमजीभाईंकडे तैवानची आली होती,
अॅल्युमिनियमची, पिवळा काटा, वर भिंग.
भाव लिहिलेल्या चिठ्ठीवर मी भिंग धरलं.
शून्यं मोठी झाली फक्त.

तुर्भ्याच्या भंगारात एक जर्मन, बिडाची,
देखणी, दोघांनी उचलावी अशी.
ती घ्यायची तर मशीन
तिच्या मापाचं शोधावं लागलं असतं.
भंगारवाला म्हणाला, न्या तर खरं, पुढचं पुढे.
असं म्हणून नेलेल्या दोन वस्तू
आमच्या माळ्यावर आहेत.

राहिला फिलिप रुमाव, मागच्या गल्लीतला वेल्डर.
चौकोनी पाईप घेऊ, म्हणाला, जाड,
पुढे टी जोडू.
आणि वेल्डिंगच्या आचेने लोखंड वाकतं
हेही त्यानेच सांगितलं, न विचारता.
तिथेच माझं अर्धं ठरलं.

चार पाईप ओट्यावर मांडले.
प्रत्येकावर स्टीलची पट्टी उभी धरायची,
डोळा खाली न्यायचा,
रस्त्याच्या उजेडाकडे बघायचं.
पहिल्यावर फट, लांबच लांब.
दुसऱ्यावर मधोमध, नखाएवढी.
तिसरा बरा, पण टोकाला पीळ.
चौथ्याला रामसुरत म्हणाला, हा.
मी बघितलं. फिलिपने चष्मा पुसून बघितलं.
बाहेर टीएमटीची बस मागे घेत होते,
कंडक्टर पत्रा बडवत होता,
आणि पट्टीखाली सलग काळोख.
काळोख बघून इतकी खूश झालेली
तीन माणसं मी आधी पाहिली नव्हती.

बसवली.
तिचं नि टेबलाचं सूत जुळायला दोन दिवस गेले.
जुनी आता डिंक लावलेल्या पाटांवर
वजन म्हणून बसते. त्या कामाला ती उत्तम.

जूनमध्ये मेस्त्री आले, सिव्हिलला डोळे दाखवून.
एका डोळ्यावर हिरवं फडकं.
नवीन गाईडकडे बघितलं, बोलले नाहीत.
खटका आवळला,
आणि हात आपोआप शेपटाकडे गेला. थाप.
हलली नाही.
त्यांनी तळवा उलटा करून बघितला,
जणू त्याला काही लागलंय.
"जड आहे," म्हणाले.

मग चावी मागितली, दोन बोल्ट सैल केले,
केसपेपरचा कोपरा फाडून
मागच्या बाजूला सरकवला.
"मागे केसभर मोकळी सोड.
चिरलेल्या लाकडाला जायला वाट लागते."
आवळलं. कागद ओढून काढला,
खिशात ठेवला, त्यावर पुढची तारीख होती.

मशीन लावलं.
फळी आत गेली, दोन होऊन बाहेर आली,
कड जळली नाही, कुठे अडली नाही.
रामसुरत बघत होता,
पोच्याच्या रेषेपासून
चांगला दोन हात बाजूला.